हवा टाकण्याआधी गळती शोधा

सोमवारी सकाळी चाकात ३३ पौंड हवा टाकायची, शुक्रवारी ती २६ वर आलेली बघायची आणि पंपावर गाडी लावून पुन्हा ३३ करून घ्यायची. कित्येक गाडीमालक हा क्रम महिनोन्‌महिने मुकाट्याने चालवतात. चाक फुटत नाही, खिळा दिसत नाही, रस्त्यात अडकायची वेळ येत नाही. म्हणून हा दोष आहे असं कुणाला वाटतच नाही. ‘मागच्या डाव्या चाकाची थोडी हवा कमी होते, तेवढी बघून घे,’ एवढं सांगून गाडीची चावी पोराच्या हातात दिली जाते. हा निष्काळजीपणा आहे आणि गोंदिया जिल्ह्यात तो जिवावर बेतू शकतो.

गोंदियाहून नागपूर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. गोरेगाव सोडलं की मुरदोलीचं जंगल, मग कोहमारा, तिथून राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि पुढे साकोली, भंडारा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी गंभीर रुग्णाला रात्री-बेरात्री नागपूरला हलवण्याची पाळी घरोघर येते. अशा वेळी शेजाऱ्याची गाडी मागितली जाते. तिच्या चाकात किती हवा आहे हे बघायला कुणी थांबत नाही. मुरदोलीचा पट्टा नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधला वाघांच्या येण्याजाण्याचा भाग. तिथे रात्री दोन वाजता जॅक लावून चाक बदलणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. दिवाळीनंतर मंडईचा आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरीकडच्या रस्त्यांवर रात्रभर गाड्या असतात. पाच-सहा जण बसलेले, थंडी कडक आणि चाकातली हवा वर्षातल्या सर्वांत खालच्या आकड्यावर.

हवा कमी असलेलं चाक आतून तापतं. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजूची भिंत जास्त दुमडते, जास्त उलगडते. त्या घुसळणीतून उष्णता तयार होते आणि वेग व वजन वाढलं की रबराचे थर आणि त्यातल्या तारा एकमेकांपासून सुटू लागतात. गावातल्या गावात ३० च्या वेगाने हे जाणवत नाही. महामार्गावर ९० च्या वेगाने, मे महिन्याच्या दुपारी, मागे सामान आणि माणसं भरलेली असताना जाणवतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

जगाला हा धडा २००० साली मिळाला. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर धावता धावता सोलून निघू लागले, गाड्या उलटल्या, माणसं मेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. टायरच्या बनावटीत दोष होताच. पण फोर्डने त्या जड गाडीला फक्त २६ पौंड हवा सुचवली होती, हाही वादाचा मोठा मुद्दा झाला. त्यातून तिथे कायदा आला आणि हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. युरोपने २०१४ पासून तीच सक्ती केली. आपल्याकडे २०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियमात बदल केला तो वेगळ्या दिशेने: साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच आहे, तिला स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे पुढच्या काळात अनेक गाड्यांच्या डिकीत पाचवं चाक नसेल. गळती वेळीच शोधण्याची गरज त्यामुळे वाढणार आहे.

मात्र हवा कमी झाली म्हणजे गळती आहेच, असंही नाही. निदान इथूनच सुरू होतं. गोंदियात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो आणि डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांखाली उतरतं. थंडीच्या बातम्यांत विदर्भातलं सर्वांत थंड शहर म्हणून गोंदियाचं नाव अनेकदा येतं. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंश असताना ३३ पौंड हवा भरलेलं चाक डिसेंबरच्या पहाटे ९ अंशांत मोजलं, तर काटा जेमतेम २९ दाखवेल. कुठेही छिद्र नाही, हवा फक्त आकसली. शिवाय रबर काही पूर्ण हवाबंद नसतं. धडधाकट टायरमधूनही थोडी हवा झिरपत राहते. चारही चाकं सारखी उतरली असतील तर हवामान आणि काळ यांचा हिशेब समजावा. एकच चाक बाकीच्या तिन्हींपेक्षा मागे पडत असेल तर ते आजारी आहे. हे ओळखायला पहाटे गाडी हलवण्याआधी, एकाच मीटरने चारही चाकं मोजून आकडे वहीत लिहावेत आणि आठवड्याने पुन्हा मोजावेत. महागडं यंत्र लागत नाही. आणि भरायचा आकडा टायरच्या भिंतीवर शोधू नये. तिथला आकडा त्या टायरच्या कमाल मर्यादेचा असतो. गाडीला लागणारा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

चाक आजारी आहे हे ठरलं, तरी हवा नेमकी कुठून जाते? बहुतेक जण खिळाच शोधतात. खिळा असतोही, बैलाच्या नालेचा, फर्निचरच्या फळीचा. बाभळीचा काटा त्याहून लबाड. तो टोचतो, बाहेरचा भाग मोडून पडतो आणि टोक रबरात रुतून राहतं. वरून बोट फिरवलं तरी लागत नाही, हवा मात्र दिवसाला एक-दीड पौंड जात राहते. पण खिळा-काटा सोडून तीन जागा आहेत आणि तिकडे फार कमी लक्ष जातं.

पहिली जागा व्हॉल्व्ह. आतली स्प्रिंगची पिन धुळीने नीट बसत नाही किंवा तिचं इवलंसं रबर कडक होतं. तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला की फुगा धरतो. पिन बदलायला काही रुपये आणि दोन मिनिटं लागतात. खुद्द व्हॉल्व्हची रबरी मान मात्र उन्हाने बुडाशी चिरते आणि ती चीर मान वाकवल्याशिवाय दिसत नाही. तिथे टायर उतरवून व्हॉल्व्हच नवा घालावा लागतो. नवा टायर बसवताना जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवून चाळीस-पन्नास रुपये वाचवणं हा शुद्ध तोटा आहे. वरची टोपीही शोभेची नसते. धूळ आणि चिखल आत जाऊ न देणं तिचं काम, तरी अर्ध्याअधिक गाड्यांना एखादी टोपी नसतेच.

दुसरी जागा टायरची कड, जिला कारागीर बीड म्हणतात. ट्यूबलेस चाकात ही कड रिमवर घट्ट दाबून बसते आणि तेवढ्यावरच सगळी हवा अडते. लोखंडी रिम गंजली, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर पांढरी भुकटी धरली, की कडेखाली केसाएवढी फट पडते. धानाच्या या जिल्ह्यात त्याला जादा कारण मिळतं. रोवणीच्या दिवसांत गाडी बांधीपर्यंत नेली जाते, चाकं चिखलात रुततात, चिखल रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि वाळून दगड होतो. ओल धरून ठेवणारा हा चिखल गंजाला आमंत्रणच असतो. दिवाळीला गाडी धुतली जाते ती बाहेरून.

तिसरी जागा खुद्द रिम. खड्ड्यात चाक आपटलं की बहुधा आतली कड वाकते आणि ती गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. मिश्रधातूच्या रिमला बारीक तडाही जातो. अशी तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरणं धोक्याचं, ती बदलावी.

गळती शोधायचं खरं काम कसं चालतं ते एकदा उभं राहून बघावं. चाक खोलून जमिनीवर आडवं ठेवतात, हवा ३५-४० पर्यंत वाढवतात आणि बादलीतलं साबणाचं पाणी कडेने ओततात. मोठं छिद्र असेल तर फेस लगेच उसळतो. बारीक गळती असेल तर काहीच होत नाही, आणि नव्वद टक्के लोक इथेच ‘यात काही नाही’ म्हणून उठतात. जाणता कारागीर बसून राहतो. दोन-तीन मिनिटांनी कडेच्या एका बोटभर भागात मोहरीएवढे पांढरे बुडबुडे जमू लागतात, फुटतात, पुन्हा जमतात. तो तिथे खडूने खूण करतो, चाक उलटं करतो आणि आतल्या बाजूलाही तेच करतो. कारण निम्म्या भानगडी त्या बाजूला असतात. खूण सापडली की टायर कडेवरून सोडवायचा, रिमवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू लागेपर्यंत घासायचा, टायरच्या कडेवरचं चिकटलेलं जुनं रबर पुसायचं, सीलर लावायचा, बसवायचं, दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा मोजायची. या कामाला तास जातो. अंगमेहनत आहे, नजर लागते.

आणि या तासाचे पैसे त्याला कोण देतो? खरं दुखणं इथे आहे. आपल्याकडे पंक्चरवाल्याला पैसे मिळतात ते पंक्चरच्या संख्येवर. स्ट्रिप मारली, पाच मिनिटांत शंभरेक रुपये हातात. तासभर शोधून अखेरीस काही रुपयांची पिन खराब निघाली, तर गिऱ्हाईक पिनीचे पैसे देऊन निघून जातं. वर ‘एवढ्यासाठी एवढा वेळ?’ असंही ऐकवतं. शोधण्याला दाम नसेल तर शोधणार कोण? डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण कुरकुरत नाही. चाकाच्या तपासणीची फी द्यायची पद्धत मात्र आपण पडूच दिली नाही. मग कारागिराने झटपट मार्ग धरला तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.

ते झटपट मार्ग ओळखून ठेवावेत. ‘ट्यूब टाकून देतो, कटकटच नको,’ हा सर्वांत घातक. ट्यूबलेस टायरची आतली बाजू ट्यूब घासण्यासाठी बनवलेली नसते. ट्यूब तापते, कातरते. शिवाय खिळा टोचल्यावर हवा हळूहळू जाणं हा ट्यूबलेसचा मोठा फायदा. ट्यूब घातल्यावर तो संपतो आणि चाक क्षणात बसतं. आडवाटेला अडकल्यावर घरी पोचायला ट्यूब टाकली तर ठीक, पण ती कायमची ठेवू नये. दुसरा मार्ग व्हॉल्व्हमधून सोडायचं लिक्विड. तेही घरी पोचण्यापुरतं. त्याने गंजलेली कड स्वच्छ होत नाही, उलट पुढच्या दुरुस्तीवेळी सगळा चिकटा आधी खरवडावा लागतो. तिसरा नायट्रोजन. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने वर्षभर टायर ठेवून मोजलं, तेव्हा ३० पौंडांपैकी साधी हवा सरासरी साडेतीन पौंड उतरली आणि नायट्रोजन सव्वादोन. वर्षाला सव्वा पौंडाचा फरक. गळकं चाक नायट्रोजनने बरं होत नाही, आणि त्यावर पैसे घालवण्यापेक्षा दोनशे-तीनशे रुपयांचा स्वतःचा मीटर घेतलेला बरा.

मीटरचा मुद्दा पेट्रोल पंपांपाशी जातो. पंपावर हवा मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. तेल कंपन्यांच्या पंपचालकांसाठीच्या नियमावलीतच ती सेवा घातलेली आहे. पण यंत्र असणं आणि ते बरोबर आकडा दाखवणं या दोन गोष्टी आहेत. काटा चार पौंडांनी खोटा बोलत असेल तर मोफत हवा घेऊनही माणूस फसतो. यंत्र बंद असेल, आकडा शंकास्पद वाटत असेल, तर पंपावरच्या तक्रारवहीत लिहावं. ती वही मागितल्यावर देणं पंपाला बंधनकारक असतं. बहुतेक जण मागत नाहीत, म्हणून यंत्रं महिनोन्‌महिने तशीच राहतात.

जिल्हा म्हणूनही दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि दोन्हींना मोठा निधी लागत नाही. समृद्धी महामार्गावर अपघातांनंतर प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात झाली. तशी तपासणी कोहमाऱ्याच्या चौकात, दंडासाठी नव्हे तर माहितीसाठी, मंडईच्या हंगामाआधी आणि मे महिन्यात परिवहन कार्यालयाने केली तर गाडीमालकाला त्याच्या चार चाकांचे चार आकडे फुकट कळतील. आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच. त्याच कार्यशाळेत जिल्ह्यातल्या पंक्चर दुकानदारांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवावं. रस्त्याकडेच्या टपरीत शिकलेल्या या माणसांच्या हातात कसब आहे. टायर आतून दुरुस्त कसा करायचा, बाजूच्या भिंतीला पडलेल्या छिद्राला हात का लावायचा नाही, रिम कधी बाद करायची, हे त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं.

तोवर गाडीमालकाने आपल्या हातातलं करावं. एखादं चाक महिन्यात दुसऱ्यांदा उतरलं की पंक्चरच्या दुकानात गाडी लावून सरळ सांगावं: हवा कुठून जाते ते शोधा, घाई नाही, तासाचे वेगळे पैसे देतो. काही सापडलं नाही तरी ते पैसे द्यावेत. आणि तिथे उभं असताना डिकी उघडून स्टेपनीची हवाही मोजून घ्यावी.