बारा आकडी ओळख

मराठीत 'ओळख' हा मोठा सोयीचा शब्द आहे. ओळख होते, ओळख निघते, कधी ओळख लावावी लागते; आणि 'ओळख' असली तर अडलेले कामही होते. वर्गात हे सांगितले की मुले मनापासून हसतात. आमच्या असोद्याहून जळगावला जाणाऱ्या गाडीत मात्र या शब्दाचा अर्थ साधा होता. 'हे अमक्याचे वडील', 'या तमक्याच्या आत्याबाई', एवढे कंडक्टरला पुरत असे.

नव्या ओळखीचे बारसेही आमच्या खानदेशातच झाले, बरे का! २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. पंतप्रधान मनमोहनसिंग त्यासाठी टेंभलीला आले होते. पुढे हे बारा आकडे बँकेत शिरले, रेशनच्या दुकानात शिरले, आणि यथावकाश प्रवासालाही निघाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धे तिकीट आले. सवलत आली की पुरावा आलाच, आणि तो मागण्यात गैर काही नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका आजींची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १९४८ चा. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, जन्माचा दाखला नाही. कार्ड काढताना समोरच्या पोराने अंदाजाने वर्ष धरले आणि लिहिले १ जानेवारी १९५५. थोरल्या चिरंजीवांच्या कार्डावर १ जून १९६६! कंडक्टरने कार्ड पाहून पैसे मागितले तेव्हा आजी म्हणाल्या, "भाऊ, पोराचं कार्ड पाह्य अन् माह्यं पाह्य. अकरा वरसाची व्हते का मी?" कंडक्टर हसला. पण त्याच्या हाती काय होते? त्याने अर्धे तिकीट काढून दिले.

चिरंजीवांचा १ जूनही मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेला. त्या तारखेला जन्मलेली माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. गंमत म्हणजे एस.टी.चा वाढदिवसही तोच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली. तिची तारीख तेवढी खरी आहे!

आधार म्हणजे जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले, तेही एका रस्ता-अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात. मृताचे वय ठरवताना न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आजींना त्याचा उपयोग नाही. त्यांच्याजवळ शाळाच नाही, मग दाखला कुठला? आणि कार्डावरची तारीख बदलायची तर पुन्हा पुरावाच हवा.

यंत्र एकच गोष्ट चोखपणे विचारते: समोरचा माणूस कार्डावरचाच का? कार्डावर लिहिले आहे ते खरे का, हे ते विचारीत नाही. पूर्वी कागदातली चूक ट्रंकेत पडून राही. आता ती माणसाबरोबर गाडीत चढते. विमानतळांवर तर डिसेंबर २०२२ पासून 'डिजियात्रा' आली आणि चेहरा हाच परवाना झाला.

म्हणून यंत्र नकोच, असे मात्र मी म्हणणार नाही. तत्काळ तिकिटांची खिडकी उघडावी आणि दलालांनी खोट्या नावांच्या खात्यांवर ती क्षणात फस्त करावीत, हा छळ सुट्टीच्या दिवसांत कोणी सोसला नाही? १ जुलै २०२५ पासून रेल्वेच्या संकेतस्थळावर तत्काळ तिकीट आधारने पडताळलेल्या खात्यावरच मिळू लागले, आणि १५ जुलैपासून ओटीपीही आला. हे मला पटते. फक्त तो ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. आजींना नातवाकडे पुण्याला जायचे होते. चिरंजीव तिकीट काढायला बसले, तर त्यांच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद झालेला! नवा नंबर जोडायचा तर केंद्रावर जाणे आले. ते वेळापत्रक, रांग, कागदपत्रे असे काही बोलू लागले, तेवढ्यात आजींनी पिशवी भरायला घेतली.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या, "मी यष्टीनंच जाते. अर्धं तं अर्धं."