पायांचा संप्रदाय आणि भिंतीवरचा खूर



आपला संप्रदाय पायांचा आहे. आळंदीहून आणि देहूहून पालखीत निघतात त्या पादुका. वारी होते ती पायी. वाटेत अनोळखी वारकरी भेटला तरी वय, जात, हुद्दा न विचारता आपण त्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि तो आपल्या. नामदेवरायांनी महाद्वारी पायरीची जागा मागून घेतली, ती संतांचे पाय लागावेत म्हणून. आणि हे सारे ज्याच्यासाठी, तो स्वतः दोन्ही पाय जुळवून विटेवर उभा आहे.

म्हणून आज एक कडू प्रश्न विचारतो. पायाची थोरवी ज्याला कळली, त्याच्या घरात हरणाचा पाय खुंटी म्हणून कसा लागतो?

नवल वाटून घेऊ नका. जुन्या वाड्यांत, शिकारीची परंपरा असलेल्या घरांत अजून असे पाय सापडतात. गुडघ्याखाली कापलेले, काटकोनात वाकवून वाळवलेले, लाकडी फळीवर ठोकलेले. त्यांना टोपी अडकवायची, छत्री अडकवायची. साहेबांनी आणि संस्थानिकांनी ही हौस आपल्याकडे रुजवली. म्हैसूरला व्हॅन इंगेन यांचा मोठा कारखानाच होता. राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ, बिबटे, हरणे तिथे भरून, सजवून मिळत. तो कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. हौस मात्र मेली नाही, ती घरात शिरली. अमेरिकेत परवाना काढून ठरावीक हंगामात हरणाची शिकार करता येते. तिथले हौशी लोक मीठ आणि टाकणखार लावून पाय कसे टिकवायचे, त्यांवर बंदूक टांगायची फळी कशी करायची, हे चित्रफितींतून शिकवतात. त्या चित्रफिती आपल्या मुलांच्या मोबाईलवरही पोचतात. सुटीतला एक उद्योग म्हणून! मडकी रंगवावीत तसा.

पायच का निवडतात, तेही ऐका. हरणाच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसते. हाड, शिरा आणि कातडे एवढेच. म्हणून ते लवकर वाळते, कुजत नाही, नवख्यालाही जमते. पण तिथे मांस का नाही? कारण तो पाय हलका राहून धावण्यासाठी घडवलेला आहे. हरीण बोटांच्या टोकांवर उभे असते. खूर म्हणजे त्याची नखेच. देवाने ज्या हलकेपणात त्या जिवाला संरक्षण दिले, तोच हलकेपणा आपल्या हौसेला सोयीचा ठरला.

ही हरणे परक्या मुलखातली नाहीत. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर काळवीट चरतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी राखलेले आहे. नगर, पुणे, सोलापूर हेच पालख्यांचे जिल्हे. आपण ज्या मुलखातून पायी जातो, त्याच मुलखात तेही पायीच राहतात.

आणि वारकऱ्याला हरणाचे आणखी एक नाते आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली. त्या चोविसांत एक गुरू हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडते आणि आपल्याला शिकवून जाते, की कान कुठे लावावा आणि कुठे लावू नये. ज्या जिवाला आपल्या ग्रंथाने गुरुपद दिले, त्याच्या पायावर डोके ठेवता येत नसेल तर निदान टोपी तरी ठेवू नका!

आता पूर्वपक्ष ऐकू.

कोणी म्हणेल, गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनात अजिन सांगितले आहे, मग कातडे अपवित्र कसे? अपवित्र आहे असे मी म्हणतच नाही. पण ते आसन अरण्यात एकांती बसणाऱ्या योग्याचे. आपली साधना बसण्याची कमी आणि चालण्या-नाचण्याची अधिक. आपल्याला वाळवंट पुरते, घोंगडी पुरते. गादीवर मृगाजिन अंथरून महाराजांचा मान वाढतो असे ज्यांना वाटते, त्यांनी मान कशाने वाढतो हे पुन्हा एकदा संतांच्या चरित्रात पाहावे. आणि अजिनाची ही सबब धरली, तरी खुरांच्या खुंटीला कोणत्या अध्यायाचा आधार आहे?

दुसरा म्हणेल, मी मारले नाही, गाडीखाली मेलेले सापडले. तुम्ही खरे बोलत असाल. पण भिंतीवरचा पाय ते सांगत नाही. फासात तडफडून तुटलेला पाय आणि रस्त्यावर सापडलेला पाय फळीवर सारखाच दिसतो. पाहुणा तो पाहतो, त्यालाही हवासा वाटतो आणि त्याच्यासाठी कोणीतरी फास लावतो. शिवाय मेलेला देहही बेवारस नसतो. कोल्हा, तरस, गिधाड, किडामुंगी यांचे ते ताट आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. तुमच्या मृदंगाला कातडे नाही का? आहे. बकऱ्याचे आहे, आणि ते विसरू नये. मृदंगावर थाप पडते तेव्हा एक जीव आपल्या नामस्मरणात सामील झालेला असतो. त्याचे ऋण मानूनच मृदंग उचलावा. पण कातड्याविना मृदंग बोलत नाही, आणि खुंटी मात्र बाभळीचीही चालते. एका ऋणाचा दाखला देऊन दुसरे कर्ज काढू नये.

चौथा बोलतो तो शेतकरी, आणि त्याचा राग मला कळतो. रात्रीत कळप येतो आणि कोवळे पीक भुईसपाट होते. आपल्यातले बहुतेक जण याच मातीतले आहेत. हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई देण्याची शासनाची तरतूद आहे. पंचनामा करून घ्या, ती वेळेवर आणि पुरेशी मिळावी म्हणून भांडा. त्या भांडणात आम्ही तुमच्या मागे उभे राहू. पण त्याचा पाय वाळवून टांगल्याने एक कणीसही परत येत नाही.

राहिला कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्याचा सबंध देह असो वा एखादा भाग, तो टिकवून मांडलेला असला तरी आपल्या कक्षेत घेतला आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत; त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आहे. पूर्वीपासून घरात असलेल्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच सरली. मालकीचा दाखला असला तरी अशी वस्तू विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने दाखला असलेल्याला ती आपणहून वनविभागाच्या स्वाधीन करण्याची वाट दिली आहे. मोबदला मात्र मिळत नाही. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांनी ती लपवू नये, जाळू नये, कोणाला देऊ नये. जाणत्या वकिलाला विचारून वनविभागाला लेखी कळवावे.

पण कैदेच्या भीतीने खुंटी काढलीत तर भिंत मोकळी होईल, मन नाही. आजोबांची आठवण म्हणून ती ठेवली असेल, तर आजोबांचे टाळ काढा, त्यांची पोथी काढा. जी आठवण दुसऱ्याचा पाय तोडल्यावाचून टिकत नाही, ती आजोबांनाही ओझेच होत असेल.

दिंडीचालकांनो, कीर्तनकारांनो, हा विषय आपल्या फडावर बोलला गेला पाहिजे. माळ घालताना आपण मांस सोडायला सांगतो. त्याच वेळी शिंगे, कातडी, खूर यांची हौसही सोडायला सांगा. एका वाक्याचे काम आहे.

येत्या आषाढीला निघण्याआधी, माउली, घरातल्या भिंतींवरून एकदा नजर फिरवा. आपले पाय पंढरीच्या वाटेवर मोकळे चालणार आहेत. त्या माळावर आणखी काही पाय आहेत, तेही मोकळेच चालू द्या.

रामकृष्णहरी.