काळा पद्मपाणी : कलाशिक्षणाच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

राज्यातील कलाशिक्षणाचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो, त्या सर्व मान्यवरांस,



मी चित्रकार नाही, समीक्षक तर मुळीच नाही. बीएफएच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीचा बाप आहे. फी वेळेवर भरतो, म्हणून काही गोष्टी विचारण्याचा हक्क आहे असे समजतो. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले, तर आपण त्या एका महाविद्यालयाला कारणे दाखवा नोटीस काढाल आणि फाईल बंद कराल. दुखणे एका महाविद्यालयाचे नाही, हे आपणांस माहीत आहे.

‘कलेचा इतिहास’ हा विषय तिच्या वेळापत्रकात आहे. वर्गात तो क्वचितच असतो. पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत. तासिका तत्त्वावर जे येतात त्यांचे मानधन थकलेले, आणि तरीही ते येतात याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण ते तरी काय करणार? नोट्स उतरवून देतात. प्रोजेक्टर ‘पुढच्या सत्रात’ येणार, हे आश्वासन प्रवेशाच्या वेळी मिळाले होते. ते पुढचे सत्र अजून उजाडलेले नाही.

त्यामुळे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आमच्या मुलीने पाहिला तो झेरॉक्समध्ये. काळा. चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग. आणि त्याखाली प्रश्न : ‘अजिंठ्यातील रंगयोजनेवर टीप लिहा.’ महोदय, हा प्रश्न आपण स्वतः त्या झेरॉक्सवरून सोडवून दाखवाल काय? अजिंठ्याच्या चित्रांत जो निळा आहे तो लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्तानच्या डोंगरातला. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, तो सह्याद्रीच्या या घळीत कसा आला, कोणी आणला, त्याचे पैसे कोणी मोजले, एवढे विचारले तरी व्यापार, राजसत्ता आणि धर्म तिन्ही वर्गात येऊन बसतात. सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेखच आहे. दान कोणाचे, हे तिथे लिहून ठेवले आहे. मुले ते वाचत नाहीत. ‘त्रिभंग मुद्रा, नीलकमल, करुण भाव’ एवढे पाठ करतात आणि उत्तीर्ण होतात.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे कित्येक हंगाम आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यामागचे हेतू धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणत नाही : प्रती लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या, आणि ग्रिफिथ्सनी लावलेल्या व्हार्निशने मूळ चित्रांचेही नुकसान झाले. पण विद्यार्थी भिंतीसमोर उभे राहिले, आणि खर्च परक्या सरकारने केला. आज एसटी लेण्यांच्या पायथ्याशी जाते. आमच्या मुलीच्या वर्गाची सहल ‘निधीअभावी’ रद्द होते. दीडशे वर्षांत आपण नेमके कुठे पोचलो?

अजिंठा लांब पडतो म्हणाल, तर कार्ले घ्या. चैत्यगृहाच्या खांबांवर देणगीदारांची नावे कोरली आहेत. धेनुकाकट गावचे यवनसुद्धा त्यांत आहेत. परीक्षेत मात्र विचारतात चैत्यगृहाची लांबी, रुंदी, उंची. एखादे न पाहिलेले शिल्प किंवा चित्र समोर ठेवून ‘काय दिसते ते लिहा’ असा एक तरी प्रश्न का नसतो? पहिल्या वर्षाच्या मुलाला इतिहासाने सर्वांत आधी पाहायला शिकवायचे, की गाइड घोकायला? की असे पेपर तपासायला माणसे लागतात, ही खरी अडचण आहे?

आणि भाषा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेतून उच्च शिक्षणाचे अभिवचन आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, फलक लागले. तालुक्याच्या गावातून आलेल्या आमच्या मुलीच्या वर्गाला नोट्स अजून मोडक्या इंग्रजीत मिळतात. मराठीत लिहिणारे नाहीत, हे कारण कृपया देऊ नका. चित्रकार म. वि. धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ मराठीतच लिहिले. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला चरित्रकोशाचा दृश्यकला खंड ग्रंथालयांत मिळतो. आपल्या वाचनयादीत तो का नाही?

जाता जाता : तिच्या वर्षभराच्या नोट्समध्ये एकाही स्त्री चित्रकाराचे नाव नाही. एच. डब्ल्यू. जॅन्सन यांच्या १९६२ च्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकातही नव्हते; टीका झाली, पुढच्या आवृत्त्या सुधारल्या. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद तर जे. जे.च्याच विद्यार्थिनी. आपली आवृत्ती कधी सुधारणार?

अभ्यासक्रम नव्याने आखण्यासाठी समिती नेमू, असे उत्तर येईल, याची मला कल्पना आहे. समिती नको. रिक्त पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार, प्रत्येक कलामहाविद्यालयात रंगीत चित्रे दाखवण्याची सोय कधी होणार, आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एका लेण्यापर्यंत नेण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करणार, या तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. मुलीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. उत्तर त्याआधी यावे.

आपला,
एक पालक