विश्लेषण : कोरियाची ‘केटी’ पुढे गेली, ‘बीएसएनएल’ मागे का पडली? यवतमाळच्या पोडांवर ४जी कधी टिकणार?

पीएम किसानची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, रेशनचा अंगठा आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी. यवतमाळच्या शेतकऱ्याची ही सगळी कामे आता मोबाइलच्या सिग्नलवर अवलंबून आहेत. जिथे खासगी कंपन्यांना धंदा दिसत नाही, तिथे सरकारी बीएसएनएलकडूनच आशा असते. अशीच सरकारी मुळे असलेली दक्षिण कोरियाची केटी मात्र आज जगातील आघाडीच्या दूरसंचार कंपन्यांत आहे. दोघींच्या वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

केटीची सुरुवात कशी झाली?

कोरियातील टेलिफोन सेवा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संचार मंत्रालयापासून वेगळी करण्यात आली आणि ‘कोरिया टेलिकॉम’ ही सरकारी कंपनी जन्माला आली. मोबाइलसाठी तिने १९९७ मध्ये ‘केटीएफ’ ही उपकंपनी काढली. २००२ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्सा विकून कंपनीचे पूर्ण खासगीकरण केले. २००९ मध्ये केटीएफ मूळ कंपनीत विलीन झाली आणि लँडलाइन, ब्रॉडबँड, मोबाइल, टीव्ही अशा सेवा एकाच छताखाली आल्या. २०१२ मध्ये केटीने २जी बंद करून ते स्पेक्ट्रम ४जीला दिले. ३ एप्रिल २०१९ रोजी एसके टेलिकॉम आणि एलजी यूप्लस यांच्यासह तिने ५जी सुरू केले.

बीएसएनएलचा प्रवास कसा झाला?

दूरसंचार विभागाच्या सेवा वेगळ्या काढून १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलची स्थापना झाली. मोबाइल सेवा आली ती ऑक्टोबर २००२ मध्ये. खासगी कंपन्या १९९५ पासूनच बाजारात होत्या. तरीही ‘सेलवन’च्या सिमसाठी तेव्हा रांगा लागत, कारण तालुक्याच्या गावाबाहेर चालणारा मोबाइल म्हणजे बीएसएनएल, अशी ओळख होती.

गाडी अडली ती विस्ताराच्या वेळी. उपकरण खरेदीच्या मोठ्या निविदा वादात सापडून रखडल्या किंवा रद्द झाल्या. २०१० मध्ये ३जी आणि ब्रॉडबँड स्पेक्ट्रमसाठी लिलावात ठरलेल्या दराने सुमारे १८,५०० कोटी रुपये मोजावे लागले आणि गंगाजळी आटली. देशात ४जी २०१२ मध्ये आले, जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये. बीएसएनएलला मात्र ४जी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन पॅकेजमध्ये झाला. त्याच पॅकेजमधील स्वेच्छानिवृत्तीत सुमारे ७८ हजार कर्मचारी घरी गेले. २०२० मध्ये ४जीची निविदा पुन्हा रद्द झाली आणि देशी बनावटीच्या उपकरणांचा आग्रह धरला गेला.

म्हणजे फरक केवळ सरकारी आणि खासगी मालकीचा नाही. केटीला प्रत्येक नवे तंत्रज्ञान स्पर्धकांच्या बरोबरीने मिळाले. बीएसएनएलला ते ग्राहक निघून गेल्यावर मिळाले.

देशी ४जी म्हणजे नेमके काय?

मोबाइल नेटवर्कचे दोन मुख्य भाग असतात. टॉवरवरील रेडिओ यंत्रणा आणि कॉल, डेटा, सिमची ओळख सांभाळणारा ‘कोअर’. बीएसएनएलसाठी रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सने, कोअर सी-डॉटने दिला आणि जोडणीचे काम टीसीएसकडे आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी या ४जीचे लोकार्पण केले. अशी संपूर्ण यंत्रणा स्वतः बनवणाऱ्या स्वीडन, दक्षिण कोरिया, चीन अशा मोजक्या देशांत भारत गेला. जिओचे ४जी नेटवर्क कोरियाच्याच सॅमसंगच्या उपकरणांवर उभे राहिले होते, हे लक्षात घेतले तर या टप्प्याचे महत्त्व कळते.

यवतमाळमध्ये अडचण काय?

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. म्हणजे चौरस किलोमीटरमागे सुमारे २०० माणसे. कोरियात हे प्रमाण ५०० हून अधिक आहे. टॉवरचा खर्च दोन्हीकडे करावाच लागतो. इथे मात्र त्याच टॉवरखाली ग्राहक कमी आणि महिन्याचा रिचार्जही कमी.

त्यात भूगोलाची भर. उमरखेडच्या बंदी भागात पैनगंगा अभयारण्य, पांढरकवडा-घाटंजीकडे टिपेश्वर. वनजमिनीवर टॉवर उभारायचा किंवा फायबर टाकायचे तर वन विभागाची परवानगी लागते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी भागातील कोलाम पोड मूळ गावापासून दूर, टेकड्यांच्या कुशीत असतात. गावात सिग्नल असला म्हणून पोडावर असतोच असे नाही.

इथे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा कामाचा ठरतो. कमी वारंवारतेच्या लहरी दूर जातात आणि झाडी, भिंतींतून तुलनेने चांगल्या पार होतात. बीएसएनएलकडे हा पट्टा आहे. पण टॉवर उभा राहिला म्हणजे सेवा मिळाली असे होत नाही. वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते आणि रस्त्याच्या खोदकामात तुटलेले फायबर किती तासांत जोडले जाते, यावर खरी सेवा ठरते.

सरकारच्या योजना कोणत्या?

जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची ‘४जी सॅच्युरेशन’ योजना मंजूर केली. तिची जबाबदारी बीएसएनएलकडे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या वस्त्यांसाठी मोबाइल टॉवरची तरतूद आहे. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम हे तीन गट त्यात येतात. त्यामुळे यवतमाळच्या पोडांचा थेट संबंध या योजनेशी आहे.

जानेवारी २०२५ पासून डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू झाले. अशा ठिकाणी टॉवर एका कंपनीचा असला तरी बीएसएनएल, जिओ आणि एअरटेलचे ग्राहक तो वापरू शकतात. सिम न बदलता.

कोरियाकडून काय घेता येईल?

दोन गोष्टी. पहिली, सामायिक जाळे. कोरियातील तिन्ही कंपन्यांनी २०२१ मध्ये ग्रामीण भागात ५जी नेटवर्क वाटून वापरण्याचा करार केला. एकाच माळरानावर तीन टॉवर उभारण्याचा खर्च त्यामुळे वाचला. दुसरी, जबाबदारी. २८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरल्याइतकी केंद्रे न उभारल्याबद्दल कोरियाच्या सरकारने २०२२ अखेर केटी आणि एलजी यूप्लसचे, तर २०२३ मध्ये एसके टेलिकॉमचे ते स्पेक्ट्रम काढून घेतले. देशातील सर्वांत बड्या कंपन्यांनाही त्यातून सूट मिळाली नाही.

अर्थात केटीही निर्दोष नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोलमधील तिच्या एका केंद्राला आग लागली आणि शहराच्या मोठ्या भागात फोन, इंटरनेट, कार्ड व्यवहार ठप्प झाले. २०२५ मध्ये बेकायदा छोट्या बेस स्टेशनच्या आधारे तिच्या ग्राहकांच्या खात्यांतून रकमा वळवल्या गेल्या.

पुढे काय?

ट्रायच्या २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपले कव्हरेज नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. ग्रामसभेने तो नकाशा प्रत्यक्ष पोडावरच्या सिग्नलशी ताडून पाहिला आणि तफावतीचा ठराव केला, तर तक्रारीला पुरावा मिळतो. वैयक्तिक तक्रार १९८ वर नोंदवता येते. आजवर योजनांचे यश उभारलेल्या टॉवरच्या संख्येत मोजले गेले. ते महिन्यातून किती तास चालू होते, हा आकडा गावनिहाय जाहीर झाला, तरच हमीभावाची नोंदणी हुकलेल्या शेतकऱ्याला नेमके कोणाला जाब विचारायचा, हे कळेल.