बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम? आधी हा हिशेब करा

पार्किंगमध्ये बंपर घासला की लगेच विम्याचा क्लेम करायचा? माझं मत : आधी हिशेब करा.

सलग ५ वर्षं क्लेम नसेल, तर ‘नो क्लेम बोनस’ ५० टक्क्यांवर जातो. ही सूट फक्त ‘ओन डॅमेज’ प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. समजा, हा प्रीमियम १० हजार रुपये आहे, म्हणजे सूट ५ हजार. दुरुस्तीचा खर्च ४ हजार असेल, तर सक्तीची वजावट जाऊन हातात त्याहून कमीच येतील. शिवाय बोनस वाचवणारं ॲड-ऑन नसेल, तर पुढच्या वर्षी बोनस शून्य!

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही, तरीही बोनस जातो. गाडी विकली तर मात्र तो तुमचाच राहतो. नव्या गाडीला लावून घ्या.