१९ मार्चला उपास करणाऱ्यांनो, त्या घरीही जा

येत्या १९ मार्चला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे पाटलांना जाऊन चाळीस वर्षं होतील. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातला हा शेतकरी १९८६ साली पत्नी मालती आणि चार लेकरांसह वर्ध्याकडच्या दत्तपूर आश्रमात गेला. त्या घरातलं कुणीच परत आलं नाही. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या अमर हबीब यांच्या हाकेवर राज्यभरातली माणसं या दिवशी अन्नत्याग करतात.

यंदाही करा. पण माझी हात जोडून विनंती आहे, त्या दिवशी उपाशी पोटी नुसते चौकात बसू नका. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात ज्या घरातल्या शेतकऱ्याने जीव दिला, त्या घरी जा. काल-परवा झालेल्या घरी जा आणि वीस वर्षांपूर्वी झालेल्या घरीही जा. विशेषतः तिथेच, कारण तिकडे जायचं आपण केव्हाच सोडून दिलंय.

चाळीस वर्षांचा काळ म्हणजे दोन पिढ्या उलटल्या. अशा घरातला बाप गेला तेव्हा जो पोरगा पाचवीत होता, तो आज स्वतः बाप आहे. तेच वावर करतो, तीच पऱ्हाटी आणि सोयाबीन पेरतो, तसाच पीककर्जाच्या नव्या-जुन्यात अडकलेला असतो. पाऊस लांबला की त्याची झोप उडते. फवारणीच्या औषधाचा डबा दिसला की आजही त्याच्या माईच्या काळजात धस्स होतं. आपला मुलगा बापाच्या वयाला येतोय, हे ती मनातल्या मनात मोजत असते. हे भय ती कुणाला सांगत नाही, पण घरातल्या नातवाला ते कळतं. लहान मुलांना न सांगितलेलंच आधी कळतं.

दुष्काळाचा असा पिढीजात मार या जिल्ह्याला नवा नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात या मुलखाचं नाव अजून वणी जिल्हा होतं, यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळालं. वऱ्हाडाची काळी कसदार जमीन उपासमार होऊच देणार नाही, असं त्या दुष्काळापर्यंत मानलं जाई. प्रत्यक्षात शेतं कापसाखाली जात होती, गाठी मँचेस्टरकडे चालल्या होत्या आणि खायची ज्वारी बाजारातून विकत आणायची पाळी आली होती. पाऊस गेला तेव्हा कापूस खाता येईना. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळाच्या या नात्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. आज रेशनचं धान्य आहे, १९७२ च्या दुष्काळात रुजलेली रोजगार हमी आहे, त्यामुळे भुकेने माणसं रस्त्यावर मरत नाहीत. पण नगदी पीक, कोरडवाहू जमीन आणि डोक्यावरचं कर्ज ही मोळी तशीच बांधलेली आहे. आता तिचं ओझं पोटाआधी मनावर पडतं.

उपासमारीचा परिणाम त्या वर्षापुरता राहत नाही, हे जगाने मोजून पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाची नाकेबंदी झाली. त्या भुकेच्या ऐन कडाक्यात जी मुलं आईच्या पोटात रुजली, त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं. चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळानंतरही जवळपास तेच दिसलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मुळात कमी असलेला धोका दुप्पट झाला, म्हणजे त्यातली बहुतेक मुलं धडधाकटच राहिली. तेव्हा हे वाचून कुणी ‘त्या घरातलं पोर असंच निघणार’ असा शिक्का मारला, सोयरीक नाकारली, तर तो नवा अन्याय होईल. नातवंडांपर्यंत हा परिणाम शरीरातून पोचतो का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आपल्याला ते होईपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्या गावांत बाप गेल्याचा घाव ज्या वाटांनी पुढच्या पिढीपर्यंत पोचतो, त्या उघड्या डोळ्यांना दिसतात.

पहिली वाट तेरवीच्या मांडवातून जाते. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या पाठीवर हात ठेवून मोठी माणसं सांगतात, ‘आता तूच घरचा कर्ता.’ चांगल्या मनाने सांगतात, मला माहीत आहे. पण त्या क्षणी त्याचं रडणं बंद होतं आणि पुढे कित्येक वर्षं बंदच राहतं. कृपा करून हे वाक्य बोलणं थांबवा. त्याला म्हणा, ‘तू शाळेत जा, बाकीचं आम्ही पाहतो.’ आणि मग खरंच पाहा.

दुसरी वाट तहसीलच्या फायलीतून जाते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा हे कागदावर सिद्ध झालं तर घर ‘पात्र’, आणि एक लाखाची मदत. नाही झालं तर ‘अपात्र’. सावकाराच्या कर्जाला कागद नसतो, वावर सासऱ्याच्या नावावर असतं, आणि नवरा गेलेल्या बाईला त्याचं मरणही खरं ठरवून दाखवावं लागतं. त्यात सासर म्हणतं पांढऱ्या पायाची, माहेर म्हणतं तिथेच राहा. हळदीकुंकवाला बोलावणं नाही. रात्री झोप येत नाही, छातीत धडधडतं, आणि विचारलं तर उत्तर एकच, ‘कायी नाई, बरं हाय.’ अशा आईच्या कुशीत वाढणारं लेकरू काय शिकत असेल? जगात कुणाला काही सांगून उपयोग नसतो, एवढंच.

हे बदलता येतं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सावरणाऱ्या या बाईने ‘तेरवं’ या नाटकात रंगमंचावर उभं राहून एकल महिलांचं जगणं मांडलं आणि मग संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलल्या. बोलायला जागा मिळाली की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं. दर गावात नाटक नसेल, पण ओसरी आहे.

आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्याकडे पाहा. तिथे ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम दीड वर्ष चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल उघड बोलायला सुरुवात केली, गरज असेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टरपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. या कार्यक्रमाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. माती तीच, पीक तेच, बोलीही तीच. अमरावतीच्या ३० गावांत जे झालं, ते आर्णी, घाटंजी, झरीजामणीत का होऊ नये? कोलामांच्या पोडांवर का होऊ नये?

आता नेमकं काय करायचं ते सांगतो. घरी गेल्यावर उपदेश करू नका. ‘हिंमत ठेव’ म्हणून उठू नका. चहा घ्या, बसा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, कारण त्या घरात ते नाव कुणी घेत नाही. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारा. मनात जीव द्यायचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारा. असं विचारल्याने विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्याच फोनवरून लावून द्या. आशाताईला कळवा, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा. एकट्याला पाठवलं तर तो एसटी स्टँडवरूनच परत येतो.

फवारणीचं औषध घरात, हाताशी राहू देऊ नका. कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या दोन दशकांत सत्तर टक्क्यांहून अधिक घटल्या. तो वाईट तास टळला की माणूस बहुतेक वेळा वाचतो.

शिक्षकांनो, वर्गात अचानक गप्प झालेलं, वारंवार पोट दुखतं म्हणणारं, डबा न आणणारं पोर तुम्हालाच आधी दिसणार आहे. वडील गमावलेल्या मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तो अर्ज त्या माईला भरून द्या. ग्रामपंचायतींनो, २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने सगळ्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. तुमचा ठराव झाला का? नसेल तर येत्या ग्रामसभेत घ्या, आणि नवरा गेलेल्या बाईची वारस नोंद, फेरफार रखडला असेल तर तलाठ्याकडे तिच्यासोबत जा. बँकेतल्या आणि सोसायटीतल्या माणसांनो, ३१ मार्चच्या वसुलीची यादी तुमच्या हातात असेल. त्यात असं घर असेल तर नोटीस धाडण्याआधी एकदा माणूस धाडा, पुनर्गठनाचा अर्ज त्याच्या हातात देऊन.

जिल्हा प्रशासनाकडे एकच मागणी आहे. प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांच्या समुपदेशनाची व्यवस्था कागदावर आहे. तिच्या यादीत २००० सालापासूनची सगळी आत्महत्याग्रस्त घरं घ्या, पात्र असोत की अपात्र, आणि त्या घरांतल्या मुलांची नावं वेगळी नोंदवा. पेरणीआधी प्रत्येक दारी माणूस पोचला पाहिजे. पोचला की नाही, हे जूनच्या ग्रामसभेत आशाताईंना विचारून गावासमोर सांगा.