एएम फोर आणि आम्ही चौघे

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. एक 'सगळेच बदला' पक्ष. त्यात चिरंजीव, पुण्याचे मेहुणे आणि राजारामपुरीतल्या एका दुकानात काउंटरवर बसणारा पोरगा. दुसरा 'अडते तेवढेच बदला' पक्ष. त्यात मी. आई तटस्थ आहे. सौ. अपक्ष आहे, म्हणजे भांडण ज्याच्यामुळे लवकर मिटेल त्याला तिचा पाठिंबा. हा लेख दुसऱ्या पक्षाचा जाहीरनामा समजावा. निवडणूक होऊन गेली आहे, पण जाहीरनामा अजून लिहायचा राहिला होता.

वादाचा विषय प्रोसेसर. २०१९ साली चिरंजीवांच्या 'अभ्यासासाठी' आम्ही एक संगणक जुळवून घेतला. त्यात रायझन फाइव्ह २६०० हा प्रोसेसर आणि बी-४५० चा मदरबोर्ड. त्या संगणकावर अभ्यास किती झाला हे परीक्षेच्या निकालांवरून सांगता येईल, पण मी सांगणार नाही. पुढे चिरंजीवांनी स्वतः पैसे साठवून जुन्या बाजारातून बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणले. तरी खेळ ऐन गोळीबाराच्या वेळी अडखळायचा. पडद्यावरचा शत्रू आधी इथे दिसायचा, मग एकदम तिथे, आणि मधल्या काळात आमचे चिरंजीव शहीद व्हायचे.

तेव्हा प्रोसेसर बदलायचे ठरले. बजेट बारा हजार. पैकी पाच हजार आज्जीने दिवाळीची भेट म्हणून दिलेले आणि सात हजार माझ्या सणाच्या उचलीतले. ही उचल पगारातून दरमहा कापून जाते, हे फक्त मला आणि आमच्या शाखेच्या संगणकाला ठाऊक असते.

दुकानातल्या पोराने आमचे जुने बिल पाहिले आणि डॉक्टर एक्स-रे पाहून करतात तसा चेहरा केला.

"काका, बोर्डच म्हातारं झालंय. ह्याच्यात आता पैसे घालू नगासा. नवीन प्लॅटफॉर्म घ्या, एएम फाइव्ह. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कूलर, सगळं बसतंय अठ्ठेचाळीसमध्ये."

"आमचं बजेट बारा आहे."

"मग बाराच द्या की. राहिलेलं हप्त्यानं. व्याज शून्य!"

मी बावीस वर्षे बँकेत आहे. माझ्यासमोर 'व्याज शून्य' म्हणणे म्हणजे गंगावेशीतल्या पैलवानाला दुधाची पावडर दाखवणे. पण मी काही बोलायच्या आत चिरंजीवांच्या डोळ्यांत त्या अठ्ठेचाळीस हजारांचा उजेड पडला होता.

घरी सभा भरली. पुण्याचे मेहुणे फोनवरून हजर. ते 'फ्यूचर-प्रूफ' हा शब्द अगदी छत्री-रेनकोट म्हटल्यासारखा सहज वापरतात. "भाऊजी, एकदाच काय तो खर्च करा. पाच वर्षं बघायला नको." मी म्हणालो, "आधी बघू या, अडतंय कुठं ते." त्यावर चिरंजीव जे बोलले ते मला अजून टोचते. "पप्पा, तुमचं सगळं आयुष्य 'चालतंय तोवर चालवा' यातच गेलं. मलाही तसंच जगायला लावणार का?"

सभा तहकूब झाली. मला रात्री बराच वेळ झोप आली नाही. माझी स्कूटर, माझा चष्मा, माझे घड्याळ, सगळे डोळ्यांसमोरून मिरवणुकीसारखे गेले. पोरगे खोटे बोलत नव्हते. पण चालतंय तोवर चालवणे हा गुन्हा कधीपासून झाला?

दुसऱ्या दिवशी रविवार. स्कूटरचा आवाज बदलला होता म्हणून उद्यमनगरात गेलो. तिथल्या मिस्त्रींना मी सहज विचारले, "नवीनच घ्यावी का हो?" त्यांनी हात पुसले. "साहेब, ब्लॉक चांगला हाय न्हवं? मग अख्खं इंजिन कशाला टाकायलाय? बोअर करू, पिस्टन-रिंगा घालू. अडलंय तिथंच पैसं घालायचं."

हे गाव असे आहे, वाचकहो. इथल्या कारखानदारीने शेतावरची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता नवी इंजिने घडवायला सुरुवात केली. त्या गावातल्या पोराने चांगला बोर्ड भंगारात काढावा? मी पेटलो. त्या रात्रीपासून आठ दिवस मी प्रोसेसरचा अभ्यास केला. एवढा अभ्यास बी.कॉम.ला केला असता तर आज साहेब असतो.

आता मुद्द्याचे. संगणकाच्या खेळात दोन नोकर राबतात. प्रोसेसर म्हणजे आमच्या बँकेतला काउंटरवरचा कारकून. कोण कुठे सरकला, कुणाची गोळी कुणाला लागली, याचा हिशेब करून तो प्रत्येक चित्राचे व्हाउचर तयार करतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आतला कॅशियर. व्हाउचर आले की तो चित्र मोजून देतो. कारकून मंद असेल तर कॅशियर जांभया देत बसतो. कॅशियर मंद असेल तर कारकुनाला कितीही पळवा, व्हाउचरांचा फक्त ढीग वाढतो. पडदा साध्या एचडीचा फोर-के केला की ठिपके चौपट होतात, म्हणजे कॅशियरच्या नोटा चौपट होतात. कारकुनाचे व्हाउचर मात्र तेवढेच राहते. म्हणून फोर-केवर खेळणाऱ्याने महागडा प्रोसेसर घेण्याआधी दहादा विचार करावा.

आपल्याकडे कोण मंद आहे हे ओळखायला एक पैसा लागत नाही. खेळातली चित्राची बारीकी कमी करून पाहायची. वेग वाढला तर दोष कॅशियरचा. वेग तसाच राहिला तर दोष कारकुनाचा. आम्ही करून पाहिले. बारीकी पार खाली आणली तरी वेग जागचा हलेना, आणि ग्राफिक्स कार्ड साठ टक्क्यांवर आरामात बसलेले. म्हणजे दोषी कारकून. मला जरा वाईट वाटले, पण निकाल तो निकाल.

मग नवा कारकून कोण? उत्तर निघाले, रायझन फाइव्ह ५६००. २०२२ सालचा, आणि बसतो आमच्याच बोर्डात, कारण सॉकेट तेच, एएम फोर. सौ.ने कागद पाहिला आणि विचारले, "जुन्यात कोअर किती?"

"सहा."

"आणि नव्यात?"

"सहा."

"म्हणजे बारा हजार घालून सहाचे सहाच?"

प्रश्न चोख होता. पण काउंटर किती यावर बँक चालत नाही. सही करणारा साहेब एकच असेल तर सहाचे सोळा काउंटर करून काय उपयोग? बहुतेक खेळांत एक मुख्य काम असते आणि सगळे त्याच्या सहीसाठी खोळंबतात. तिथे एकेका कोअरचा वेग कामाला येतो. शिवाय २६०० मध्ये सहा कारकून तीन-तीन करून दोन खोल्यांत बसवलेले, प्रत्येक खोलीत आठ एमबीचे कपाट. या खोलीतल्याला त्या खोलीतली फाइल हवी असली की भिंतीला वळसा. ५६०० मध्ये भिंत पाडली. सहाही जण एका हॉलमध्ये आणि मधोमध बत्तीस एमबीचे कपाट. रॅम नावाच्या रेकॉर्ड रूमकडे हेलपाटे कमी. ज्यांचे बजेट मोठे त्यांच्यासाठी शहाण्णव एमबीच्या कपाटाचे ५८००एक्स-थ्री-डी आणि ५७००एक्स-थ्री-डी हे भाऊबंदही याच सॉकेटमध्ये निघाले. विजेची भूक म्हणाल तर २६०० आणि ५६०० दोघांचीही पासष्ट वॅटची.

आता 'बोर्ड म्हातारं झालंय' या आरोपाकडे येतो. मे २०२० मध्ये एएमडी कंपनीने जाहीर केले होते की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी-४५० च्या बोर्डावर चालणार नाहीत. कारण असे की बोर्डावरची बायॉसची चिप सोळा एमबीची, इतक्या साऱ्या प्रोसेसरांचा संसार तिच्यात मावत नाही. झाले! जगभरच्या गिऱ्हाइकांनी कालवा केला. आणि त्याच मे महिन्यात कंपनीने शब्द फिरवला. चालणार म्हणाली. २०२२ मध्ये तर २०१७ सालचे बी-३५० चे बोर्डसुद्धा पंगतीला घेतले. मग 'मावत नाही' त्याचे काय झाले? जुन्या काही प्रोसेसरांची नावे वगळली की मावते!

कोल्हापूरकरांना याचे नवल वाटू नये. शहरातला टोल रद्द करणे शक्य नाही, करार झाला आहे, असे आम्हालाही वर्षानुवर्षे सांगितले जात होते. गाव रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. 'शक्य नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'अजून कुणी ओरडले नाही' एवढाच असतो.

इंटेलवाल्यांनी हसू नये. २०१५ च्या त्यांच्या सॉकेटला ११५१ पिना होत्या. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिलाही ११५१ पिना. गिऱ्हाईक खूश. पण जुन्या बोर्डात नवा प्रोसेसर चालणार नाही, बोर्ड नवा घ्या! वीजपुरवठ्याच्या पिनांची मांडणी बदलली, हे कारण. पुढे काही हौशी मंडळींनी बायॉसमध्ये फेरफार करून तो जुन्या बोर्डांवर चालवून दाखवला. भोके मोजून सोयरीक जमत नाही, हा धडा मात्र सगळ्यांनी घ्यावा. प्रोसेसर घेण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी पाहावी. तिच्यात नाव असेल तरच अक्षता टाकाव्यात.

उरला 'शून्य व्याज' आणि 'फ्यूचर-प्रूफ' यांचा समाचार. शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना लेखी सुनावले आहे. व्याज कुठेतरी असतेच. ते प्रक्रिया शुल्काच्या वेशात येते, नाही तर रोखीवर मिळणारी सूट गिळून बसते. माझ्या काउंटरवर रोज अशी पोरे येतात. पगार बारा तारखेला संपलेला, हप्ता पाच तारखेला चुकलेला, आणि हातात हप्त्याचा फोन. त्या पोरांना मी ओरडू शकत नाही, कारण ती माझी नाहीत. जे माझे आहे त्याला त्या रांगेत उभे राहू द्यायचे नाही, एवढाच माझा या प्रकरणातला स्वार्थ.

आणि पाच वर्षांची सोय? कॉमर्सवाल्याला हे सांगू नये. धंद्यातल्या संगणकावर आयकराच्या हिशेबात वर्षाला चाळीस टक्के घसारा धरतात. अठ्ठेचाळीस हजारांना लावून बघा. पहिल्या वर्षाअखेर अठ्ठावीस हजार आठशे, आणि पाचव्या वर्षाअखेर तीन हजार सातशे बत्तीस. खुद्द सरकार ज्या वस्तूचे भविष्य इतके धरते, तिच्यात आम्ही सात हजारांच्या उचलीवर भविष्य बांधायचे? त्यात एएम फाइव्हला जुनी रॅम चालत नाही, डीडीआर फाइव्हच लागते. आणि २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव गुजरीतल्या सोन्याच्या मागून पळू लागलेले.

आता विरोधी पक्षाला न्याय द्यायचा तर ज्याच्याकडे काहीच नाही आणि जो कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो आहे, त्याने एएम फाइव्ह जरूर पाहावे. जो पोटासाठी व्हिडिओ कापतो-जोडतो, त्याला जास्त कोअर लागतील. आणि एएम फोर हा शेवटचा थांबा आहे, पुढे गाडी जात नाही, हेही खरे. पण आम्हाला पुढे जायचेच नव्हते. आम्हाला अडखळायचे थांबायचे होते.

प्रोसेसर साडेदहा हजारांत आला. बसवायच्या दिवशी आईने कॅबिनेटला अंबाबाईचा अंगारा लावला. आधी जुना प्रोसेसर जागेवर ठेवूनच बायॉस अद्ययावत केला. त्या वेळी वीज गेली तर बोर्ड जायचा, म्हणून इन्व्हर्टरवर अख्ख्या घराचे दिवे-पंखे बंद करून आम्ही चौघे अंधारात बसलो. मग संगणक थोडा वेळ चालवून गरम केला, बंद केला, प्लग काढला आणि कूलर हळूहळू फिरवत सोडवला. तो थंड असताना सरळ उपटला तर प्रोसेसर सॉकेटातून दातासारखा उपटून येतो आणि तेराशे एकतीस पिनांतल्या चार-दोन वाकतात, हे मी वाचले होते. चिरंजीवांनी वाचले नव्हते. त्यांचा हात मी धरला. बऱ्याच वर्षांनी धरला.

सोन्याचा त्रिकोण त्रिकोणाला जुळवला, वाटाण्याएवढी पेस्ट लावली, कूलर आवळला, कळ दाबली. दोन मिनिटे पडदा काळा. चिरंजीव माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. मग चित्र आले. खेळ सुरू झाला, ग्राफिक्स कार्ड पंचाण्णव टक्क्यांवर घाम गाळू लागले आणि शत्रू जिथे दिसायला हवा तिथेच दिसू लागला. सौ. म्हणाली, "आता पंखा लावू का?"

परवा चिरंजीवांना मित्राचा फोन आला. मी पेपरमागे होतो. "लगा, बोर्ड टाकू नको," चिरंजीव सांगत होते, "आधी अडतंय कुठं ते बघ. यादीत नाव बघ. चालतंय तोवर चालव की भावा!"

मी पेपर आणखी वर धरला. असल्या वेळी आपला चेहरा मुलांना दिसू देऊ नये.

फोन ठेवून ते माझ्याजवळ आले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "पप्पा, एक बोलायचं होतं. तपासून बघितलं. आता मॉनिटर अडतोय."